मैदान गेलं तरी तुमची हरकत नाही?

पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा, कारण मुदत थोडी आहे.

गेल्या मंगळवारी एका दैनिकाच्या सहाव्या पानावर, 'माझे नाव बदलले आहे' आणि 'मूळ खरेदीखत गहाळ झाले आहे' या दोन जाहिरातींच्या मधोमध, आपल्या नगरपरिषदेची एक जाहीर नोटीस छापून आली. अक्षर इतकं बारीक की चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी न्यावा लागला. (चाळिशी उलटली की हे होतंच.) हे दैनिक आपल्या गावात किती येतं, असं स्टँडवरच्या पेपरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "दोन. एक नगरपरिषदेत जातं, एक परत जातं."

नोटिशीत लिहिलंय की मंजूर विकास योजनेतल्या एका जागेवरचं 'खेळाचे मैदान' हे आरक्षण अंशतः वगळून ती जागा 'व्यापारी संकुल व वाहनतळ' म्हणून दाखवायचा प्रस्ताव आहे आणि त्यावर एक महिन्याच्या आत नागरिकांनी हरकती व सूचना द्याव्यात. गट नंबर आहे, चतुःसीमा आहेत. वाचून कुणाला काही कळू नये अशी सगळी सोय आहे. साध्या मराठीत सांगतो. सरकारी गोदामामागचं आपलं मैदान.

'अंशतः' म्हणजे किती ते नकाशा बघितल्यावर समजतं. मी नगररचना शाखेत जाऊन बघून आलो. रस्त्याकडची सगळी बाजू जाते. मागे नाल्याला लागून एक चिंचोळी पट्टी उरते. तिथे पोराने जरा जोरात चेंडू मारला की तो थेट नाल्यात.

आता कुणी म्हणेल, त्या मैदानावर आहेच काय? बरोबर आहे. आज तिथे नगरपरिषदेच्या दोन मोडक्या घंटागाड्या आहेत, पाणीयोजनेच्या पाइपांची रास आहे, पाडलेल्या घरांचा राडारोडा आहे आणि रात्री मुक्कामाला मालट्रक असतात. पण हे सगळं तिथे कुणी आणून टाकलं? ज्यांनी ते राखायचं होतं त्यांनीच. आधी मैदानाचं उकिरडं करायचं आणि मग 'जागा विनावापर पडून आहे' असं टिपणीत लिहायचं, ही पद्धत मी वीस वर्षांत चार वेळा बघितली. गाव बदलतं, टिपणी तीच असते.

ज्यांचं लहानपण नव्वदच्या आसपास इथे गेलं, त्यांना ते मैदान आठवत असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी सहाला जाऊन जागा धरावी लागायची. एका वेळी क्रिकेटचे चार-पाच डाव, एकमेकांत घुसलेले. याचा फाइनलेग तो त्याचा मिडऑफ. कडेला लगोरी, कोपऱ्यात विटीदांडू, गोदामाच्या भिंतीलगत पोरींची ठिकरी. संध्याकाळी शाळेचे पी.टी.चे सर शिटी घेऊन यायचे आणि पोरींचा खो-खो घ्यायचे. पगार शाळेचा, वेळ स्वतःचा. मैदान नगरपालिकेचं होतं, पण फक्की सर स्वतःच्या खिशातून आणायचे. त्या पोरींतल्या दोघी पुढे पोलिसांत भरती झाल्या. शिरखुर्मा आणि फराळ दोन्ही वाटून खाणारी आमची टीम त्याच मैदानावर तयार झाली. शाळा वेगळ्या, गल्ल्या वेगळ्या, बापांचे धंदे वेगळे, पण मैदान एकच. आज गावात पोरांना असं एकत्र येण्यासारखं दुसरं ठिकाण कुठलं आहे, सांगा मला.

गेल्या वर्षी जानेवारीत, म्हणजे २०२५ ला, दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला असं म्हणणार होतो, पण 'गेल्या वर्षी' की कधी ते सोडा, २०२५ लक्षात ठेवा. पुरुष आणि महिला, दोन्ही विश्वचषक भारताने जिंकले. दोन्ही संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आपल्या चौकातही अभिनंदनाचे फ्लेक्स लागले होते. फ्लेक्सवर खेळाडूंचे फोटो रुपयाएवढे आणि शुभेच्छुकांचे परातीएवढे, ते असो. पण खो-खोचं मैदान केवढं लागतं माहीत आहे का? २७ मीटर बाय १६ मीटर. म्हणजे सव्वाचार गुंठे. कबड्डीला तर दीड गुंठाही पुरतो. ज्या गावात एकेका कार्यालयाच्या पार्किंगला वीस-वीस गुंठे सोडतात, त्या गावात आज पोरींना खो-खो खेळायला सव्वाचार गुंठे नाहीत. फ्लेक्स लावणाऱ्यांपैकी काही जण आज या ठरावाच्या बाजूने आहेत.

आता स्वतःचं सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकार दुसऱ्यांनाच शहाणपण शिकवतो.

दहाएक वर्षांपूर्वी आपल्याकडे नवं उद्यान झालं. 'शहराच्या वैभवात भर' या मथळ्याची बातमी मीच लिहिली होती. फायबरचा डायनासोर, रंगीत कारंजं, लॉन. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी चाललं आणि पुढे दोन रविवार. उद्यानाला कुंपण आलं, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप. आज ते संध्याकाळी दोन तास उघडतं, तेही किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस पाणीपुरवठ्याच्या ड्युटीवर नसला तर. आत शिरल्याबरोबर पाटी. चेंडू खेळण्यास मनाई, हिरवळीवर बसण्यास मनाई, सायकल आणण्यास मनाई, मोठ्याने ओरडण्यास मनाई. लहान मुलांसाठी बांधलेल्या बागेत मुलांनी ओरडू नये! ती पाटी मी तेव्हाही वाचली होती. बातमीत घेतली नाही. त्या दिवशी आमच्या अंकात उद्यानाची अर्धं पान अभिनंदनाची जाहिरात होती. पुढे त्याच उद्यानात घसरगुंडीच्या जागी ओपन जिम आलं, त्याचीही बातमी मीच केली. घसरगुंडी कुठे गेली हे विचारायचं राहून गेलं.

असं का होतं, हे नगरपरिषदेचं बीट इतकी वर्षं करताना समजत गेलं. त्यात फार मोठं गूढ नाही. पैसा बांधायला येतो, चालवायला येत नाही. आमदार निधीतून, जिल्हा नियोजनमधून, कुठल्यातरी योजनेतून खेळणी बसतात, पेव्हर ब्लॉक बसतात, कोनशिला बसते. पण रोज संध्याकाळी चार वाजता फाटक उघडणारा, झोक्याच्या कडीला तेल घालणारा, भांडणारी पोरं सोडवणारा माणूस कुठल्या हेडमधून ठेवायचा? तो हेडच नसतो. आणि मोकळ्या मातीचं तर एस्टिमेटच होत नाही. एस्टिमेट नाही म्हणजे टेंडर नाही, टेंडर नाही म्हणजे... पुढचं तुम्हाला मला सांगायची गरज नाही. म्हणून मोकळं मैदान बघितलं की आपल्या कारभाऱ्यांना ती 'रिकामी जागा' वाटते. पन्नास पोरं खेळत असली तरी रिकामीच.

तालुका क्रीडा संकुलाचं उदाहरण द्यायला काही जण टपलेलेच असतील. आहे, संकुल आहे. गावापासून चार किलोमीटरवर, हायवेच्या पलीकडे, गायरानात. दहा वर्षांचं पोर सायकलवर हायवे ओलांडून तिथे जाईल का? तुम्ही तुमचं पाठवाल का? मी पाठवत नाही.

मग पोरं करतात काय? ज्यांच्या घरी पैसे आहेत ती टर्फवर जातात. गावात आता हिरव्या जाळीतले दोन टर्फ झालेत, तासाचे सातशे-आठशे रुपये. धंदा करणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, त्याने गुंतवणूक केली आहे. पण दहा पोरांनी वर्गणी काढली तरी डोक्यावर सत्तर-ऐंशी रुपये येतात. ज्याची आई चार घरची धुणीभांडी करते, तो पोरगा रोज ऐंशी रुपये कुठून आणणार? तो जाळीबाहेर उभा राहून बघतो. चेंडू बाहेर आला की आणून देतो. एक दिवस जाऊन बघा, संध्याकाळी सातला. अशी आठ-दहा पोरं रोज जाळीला टेकून उभी असतात.

पोरींचं तर बोलायलाच नको. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. टर्फवर संध्याकाळी मोठी पोरं असतात, बागेला कुलूप, गल्लीत मोटारसायकली. ती घरात असते. मोबाईल बघते. मग मी ओरडतो, मोबाईल ठेव. ती शांतपणे विचारते, "ठेवून कुठं जाऊ, बाबा?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही पोस्ट लिहायला मी बसलो ते त्या प्रश्नामुळे, कलम ३७ मुळे नाही.

आणि अख्ख्या कुटुंबाने संध्याकाळी कुठे जावं? आपल्या गावातली माणसं रविवारी बायको-पोरांना घेऊन कुठे जातात ते तुम्हालाही माहीत आहे. हायवेवरच्या गार्डन हॉटेलात. तिथे दोन झोके आहेत, एक घसरगुंडी आहे. पोराला घसरगुंडीवर तासभर खेळू द्यायचं तर आधी दोन मसाला डोसे आणि एक पनीर चिली मागवावी लागते. गावात सार्वजनिक घसरगुंडी नाही, म्हणून बाप पनीर चिली खातोय.

आता कायद्याचं थोडं. कंटाळा करू नका, यातच आपली ताकद आहे.

मुलांना मैदान देणं ही नगरपरिषदेची मेहरबानी नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकांकडे कोणती कामं असावीत त्याची ती यादी आहे, अठरा विषयांची. त्यात उद्यानं, बागा, खेळाची मैदानं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दुकानाचे गाळे बांधून भाड्याने देणं हा विषय मला त्या यादीत सापडला नाही. मुलाच्या खेळण्याच्या हक्काबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत वेगळं कलम आहे, ३१ वं, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्येच स्वीकारली आहे.

नगररचना कायदा १९६६ चा. त्याच्या कलम ३७ खाली मंजूर विकास योजनेत किरकोळ फेरबदल करता येतो, पण अट आहे. योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. गावाच्या या भागातलं एकुलतं एक मैदान उडवणं किरकोळ कसं? हाच प्रश्न हरकतीत विचारायचा आहे. आणि हो, नगरपरिषदेचा ठराव झाला म्हणजे मैदान गेलं असं नाही. हरकती मागवायच्या, त्यावर सुनावणी घ्यायची, मग प्रस्ताव शासनाकडे जातो आणि मंजुरी शासन देतं. म्हणजे अजून वेळ आहे.

लोक विचारतात, कोर्टात टिकतं का हे? बंगळूरमध्ये एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती. शब्द थेट मुख्यमंत्र्यांचा होता. तिथले रहिवासी भांडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९१ मध्ये न्यायालयाने ते वाटप चुकीचंच ठरवलं. बागेची मोकळी जागा ही रहिवाशांच्या हिताची गोष्ट आहे आणि ती राखण्यासाठी भांडायचा त्यांना अधिकार आहे, असं त्या निकालाने मान्य केलं. ती माणसं तुमच्या-माझ्यासारखीच होती.

उलट बाजूचंही ऐकून घेऊ. नगराध्यक्षांच्या जवळचे एक जण मला म्हणाले, "भाऊ, गाळे झाले तर नगरपरिषदेला उत्पन्न, बेरोजगार पोरांना दुकानं. तुम्ही विकासाला आडवे येता." उत्पन्नाची अडचण खोटी नाही. क वर्ग नगरपरिषद आहे आपली, घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीची बोंब आहे, मला मान्य आहे. पण आधीचं संकुल बघा ना. खालचे गाळे कुणाकडे आहेत आणि ते पोटभाडेकरूला किती जास्त भाड्याने दिलेत, हे अख्ख्या पेठेला पाठ आहे. वरच्या मजल्याची शटर कित्येक वर्षं उघडलेली नाहीत, जिन्यात काय चालतं ते झाडूवाल्या मावशींना विचारा. आधीचं भरलं नाही आणि नवीन हवंय. बरं, गाळे करायचेच तर जुनी जकात चौकी पडून आहे, जुन्या दवाखान्याची जागा पडून आहे. तिथे का नको? कारण तिथे रस्त्याचा फ्रंट मिळत नाही. मैदानाला मिळतो.

यात आपलं सामान्य माणसांचंही पाप आहे, ते झाकून चालणार नाही. प्रत्येक नव्या लेआउटमध्ये ओपन स्पेस सोडावा लागतो. एक एकराच्या वरचा लेआउट असेल तर दहा टक्के जागा मोकळी. हा नियम कागदावर आहे आणि गावात त्यातून कितीतरी छोटी छोटी मैदानं फुकटात मिळायला हवी होती. मिळाली का? एका कॉलनीच्या ओपन स्पेसवर सभामंडप आला, एकीच्या ट्रान्सफॉर्मर आला, एकीत वाळू-विटांचा साठा आहे. आमच्या कॉलनीतला ओपन स्पेस शेजारच्या चौघांनी तारेचं कुंपण घालून वाटून घेतलाय, कढीपत्ता आणि शेवगा लावलाय. शेवग्याच्या शेंगा आमच्याकडेही येतात, म्हणून मीही गप्प होतो. पोरांनी बॉल मारला तर 'काच फुटेल' म्हणून आपणच त्यांना हाकलतो आणि मग आपणच म्हणतो, हल्लीची पोरं घराबाहेर पडत नाहीत.

पैसे नाहीत म्हणून काही होत नाही हे मला पटत नाही, कारण मैदान चालवायला फार पैसे लागत नाहीत. पुण्यात सारसबागेजवळ गरवारे बालभवन आहे. शोभाताई भागवतांनी ते अनेक वर्षं चालवलं. तिथे डायनासोर-कारंज्याचा थाट नाही. तिथे ताया आहेत, मुलांशी बोलणाऱ्या, खेळणाऱ्या. मोठ्या शहरात मोकळी जागा टिकतच नाही असंही म्हणू नका. दादरचं शिवाजी पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. आज तिथल्या एका गुंठ्याच्या भावात आपली अख्खी पेठ विकत येईल. तरी मैदान शाबूत आहे, कारण सकाळ-संध्याकाळ कट्ट्यावर माणसं बसलेली असतात आणि त्यांचा डोळा असतो. आपल्या मैदानाकडे आपली पाठ होती, म्हणून तिथे पाइप येऊन पडले.

मला काय हवंय ते सांगतो. घंटागाड्या आणि पाइप हलवा. रोलर फिरवा, नगरपरिषदेकडे तो आहे. दोन एलईडीचे खांब लावा, पोरींसाठी त्या उजेडाची फार गरज आहे. कडेला बसायला कट्टा बांधा, आणि एक स्वच्छतागृह, ज्याला पाणी असेल. एक माणूस नेमा मानधनावर, रोज चार ते आठ. निवृत्त क्रीडाशिक्षक गावात आहेत, त्यातले काही जण तर फुकट यायला तयार आहेत, मी बोललोय. आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी अर्धं मैदान फक्त मुलींसाठी ठेवा. शाळांची मैदानंही शाळा सुटल्यावर कुलपात ठेवण्याऐवजी वस्तीतल्या मुलांना उघडी करा. हे सगळं मिळून संकुलाच्या नुसत्या पायाच्या खर्चातही बसेल. कुंपण नको. पाटी तर नकोच नको.

मध्ये काही वर्षं प्रशासक होते, तेव्हा विचारायला नगरसेवकच नव्हते. आता निवडून दिलेत. मतं मागायला आले तेव्हा प्रत्येकाच्या जाहीरनाम्यात 'मुलांसाठी सुसज्ज क्रीडांगण' होतं. पत्रकं मी जपून ठेवली आहेत. ज्यांना आपल्या प्रभागाचं पत्रक हवंय त्यांनी मागा, फोटो पाठवतो.

एक शेवटचं. अशा फाइलींत एक वाक्य ठरलेलं असतं. 'विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झालेली नाही, सबब प्रस्ताव शासनास सादर.' हे वाक्य मी इतक्या फाइलींत वाचलंय की कारकून ते आधीच टाइप करून ठेवत असावा. या वेळी ते खोडावं लागलं पाहिजे.

सोमवारी सकाळी साडेदहाला मी नगरपरिषदेच्या दारात असेन. हरकतीचा नमुना साध्या मराठीत एका पानाचा तयार केलाय, नाव-पत्ता-सही एवढंच भरायचं. आईवडिलांनी यावं, आजोबांनी यावं, टर्फवाल्यांनी यावं, गाळा हवा असलेल्यांनीही यावं आणि जकात चौकीच्या जागेवर मागावा. पोरांना शाळा बुडवून आणू नका. प्रत्येकाने दोन प्रती आणायच्या. एक आत द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. "साहेब मीटिंगला गेलेत" म्हणाले तर सांगा, थांबतो.